दहा मिनिटांत दोनशे

दौंडला, स्टेशनाच्या अंगाला, एका मंगल कार्यालयात युवक मंडळांच्या अध्यक्षांचं शिबिर भरलं होतं. परवाच्या लग्नातल्या झेंडूच्या माळा अजून खांबांवर वाळत होत्या. त्यांच्याखाली लाल खुर्च्यांवर शिरूर-दौंडकडचे साठेक अध्यक्ष बसले होते. कुणी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, कुणी गळ्यात मंडळाचं उपरणं टाकून. तिसऱ्या रांगेत जालिंदर होता, आणि त्याच्या मांडीवर एक कागद.

कागदावरचं बहुतेक त्यानं भराभरा लिहून टाकलं होतं. मंडळाचं नाव, भीमाकाठ युवक मंडळ. गाव, मांडवगण फराट्यापासून दीड कोसावरची वाडी. सभासद दोनशे चौदा. केलेलं काम म्हणून रक्तदान, झाडं, आणि पुराच्या साली हलवलेली सत्तावन्न घरं. 'दुसरा प्रतिनिधी' अशी एक ओळ होती, ती त्यानं कोरी सोडली. राहिला शेवटचा प्रश्न. मंडळ चालवताना तुम्हाला काय जमत नाही? कशाचं शिक्षण हवं?

जालिंदरनं लिहिलं, 'काही नाही.'

शिकवायला आलेल्या बाई रांगेतून फिरत होत्या. त्यांनी वाकून वाचलं.

"काहीच नाही?"

"न्हाई मॅडम. आमच्या मंडळाचं एकच हाय. ग्रुपवर मेसेज टाकला की धा मिनटांत दोनशे पोरं हजर."

मागून कुणीतरी शिट्टी घातली. बाईही हसल्या. "छान. मग आज तुम्ही इथं, तर मंडळ कोण बघतंय?"

"कोण कशाला बघंल? मी फोनवर हाय की."

बाईंनी कागद घेतला नाही. "राहू द्या तुमच्याकडं. पुढच्या शिबिराला दिलात तरी चालेल," म्हणाल्या आणि पुढच्या खुर्चीकडं गेल्या. जालिंदरनं कागदाची चौघडी करून खिशात घातली. तेवढ्यात फोन थरथरला. भारत होता. लहानपणापासूनचा जोडीदार, मंडळाचा फोटोवाला.

"अध्यक्ष! बिबट्याची दोन पिल्लं घावली! सोपानआप्पांच्या फडात. तोडकऱ्यांनी कोयतं थांबवल्यात. काय करू?"

फोनमागं गलका होता, आणि त्या गलक्यात एका मुलीचा आवाज: "हात लावू नको म्हणावं, भारत. फोन दे इकडं, मी बोलते." तो मंडळाच्या सचिवाचा, राजश्रीचा आवाज होता. जालिंदरला तो ऐकू आला. पण तीन वाजून गेले होते, शेजारचे चार अध्यक्ष कान देऊन त्याच्याकडं बघत होते, आणि अध्यक्षानं तिथल्या तिथं निर्णय द्यायचा असतो अशी त्याची समजूत होती.

"उचला. क्रेटमधी घाला आन् बांधावर ठिवा. मी येईस्तवर कुणाच्या हाती द्यायची न्हाईत."

मग चालता चालताच त्याच्या अंगठ्यानं नेहमीचं काम केलं. 'बिबट्याची पिल्लं सापडली. सर्वांनी सोपानआप्पांच्या उसावर या. लगेच.'

*

भीमेच्या पुलावर येईपर्यंत त्याची छाती फुगलेली होती. गाडीच्या आरशात त्याला स्वतःचा उडता भांग दिसत होता. पुलाखाली नदी निजलेल्या गाईसारखी संथ होती, आणि पलीकडं जानेवारीचा ऊस तुरे उंचावून उभा होता.

पुलावरच त्याला एका पिकअपनं मागं टाकलं. मागच्या हौद्यात दहा-बारा पोरं उभी. त्यातला एक ओरडला, "ओ भाऊ, त्यो बिबट्याचा ऊस कंच्या अंगाला हाय?"

जालिंदर त्यातल्या एकालाही ओळखत नव्हता.

मग दोन मोटारसायकली गेल्या, तिघं तिघं बसलेल्या. मग एक चारचाकी. मग आणखी तीन गाड्या. सगळ्यांची तोंडं त्याच्या वाडीकडं. त्याचा मेसेज त्याच्याआधी नदी ओलांडून गेला होता आणि कुठल्या कुठल्या गावात शिरला होता. छातीतली हवा हळूहळू उतरली. त्यानं गाडीला पीळ दिला.

सोपानआप्पांच्या रानात पोचला तेव्हा सव्वाचार झाले होते. आठ एकराचा फड, निम्मा तोडलेला, निम्मा उभा. तोडलेल्या भागात पाचटाचा पिवळा गालिचा. कडेला तोडकऱ्यांच्या अकरा कोप्या, ताडपत्रीच्या, गुडघ्यात मान घालून बसलेल्या म्हाताऱ्यांसारख्या. आणि मधे माणसंच माणसं. बांधावर, ट्रॉलीवर, बाभळीवर. चारशे असतील, पाचशे असतील. शेंगदाणे विकणारासुद्धा आला होता.

टोमॅटोच्या क्रेटमध्ये दोन पिल्लं एकमेकांच्या पोटात तोंड खुपसून पडली होती. डोळे नुकते उघडलेले. वरून तीस-चाळीस फोन वाकलेले. भारत सगळ्यांना ओळीनं पिल्लांचं दर्शन घडवत होता.

"ह्ये आलं आमचं अध्यक्ष! सरका, सरका! अध्यक्ष, एक फोटू घ्या पिल्लासंगं."

जालिंदरनं हात पुढं केला नाही. क्रेटपलीकडं राजश्री उभी होती, छातीशी मंडळाचं रजिस्टर धरून. तिच्याशेजारी खाकीतला एक माणूस, वनरक्षक हनुमंत. भारतनं फोन दिला नाही तेव्हा तिनंच त्याला कळवलं होतं, आणि तो होता तसा निघून आला होता.

"तुम्ही अध्यक्ष का?" हनुमंतनं विचारलं. "मग ऐका. आई इथंच हाय, ह्या उभ्या उसात. पिल्लं व्हती तिथं परत ठिवायची आन् सहाच्या आत रान मोकळं करायचं. अंधारात ती येती आन् नेती. पण माणूस दिसला तर येत न्हाई."

"आन् न्हाई आली तर?"

"तर दूधपितं पिल्लू थंडीत ऱ्हात न्हाई. आन् ती पिल्लं हुडकत फिरती. आज, उद्या, परवा. कुठं फिरंल ते तुम्हीच बघा." त्यानं कोप्यांकडं मान वळवली. "तिथं लेकरं किती हायती?"

"नऊ," कोपीच्या तोंडाशी बसलेली एक बाई म्हणाली. बीडकडची धुरपदा. दुपारी तिच्याच कोयत्यापुढं पिल्लं निघाली होती. "माझी दोन. धाकटी अंगावर पिती. म्या त्या पोराला म्हनले दादा, ठिव ती जागच्या जागी, आमी दुसरीकडून तोडतो. आमाला ठाव हाय की वं. तर म्हनला, अध्यक्षांची ऑर्डर हाय."

बाईच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळंच ते जालिंदरला जास्त लागलं.

*

मंडळाचा भोंगा आणि माईक आलेले होतेच. ते न बोलावता सगळीकडं यायचे. जालिंदर उसाच्या ट्रॉलीवर चढला.

"मित्रहो, मागं सरका! सगळ्यांनी आपापल्या घरी जावा! वनखात्याचा आदेश हाय!"

पुढच्यांनी ऐकलं आणि मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मागच्यांना शब्द कळले नाहीत, नुसता आवाज कळला. काहीतरी सुरू झालं असं वाटून ते पुढं आले. रस्त्यावरून जाणारा दुधाचा टेंपो थांबला. जालिंदर आणखी मोठ्यानं ओरडला. गर्दी आणखी चार पावलं पुढं आली. क्रेटजवळचा एक म्हातारा पडता पडता राहिला.

"मागं! अरं मागं सरका म्हणतोय ना!"

"बोलवायचं तवा गोड बोलून बोलावलं," पिकअपमधला एक पोरगा खालून ओरडला, "आन् आता हाकलायला लागला व्हय रं?"

हशा पिकला. तो हशा जालिंदरच्या कानशिलांत घुमला. पुराच्या साली याच माणसांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं.

तेवढ्यात रानाचे मालक सोपानआप्पा काठी टेकत पुढं आले. वाडीच्या डेरीचे चेअरमन. मागच्या महिन्यात त्यांची सात महिन्यांची कालवड बिबट्यानं गोठ्यातून नेली होती.

"पिल्लं कुटं जायची न्हाईत," आप्पा म्हणाले. "हितंच पिंजरा लावा. पिल्लासाठी आई येती. आली की धरा. माझी कालवड काय चारापानी व्हती व्हय तिला?"

"बराबर हाय!" चारी अंगांनी आवाज उठला. "पिंजरा लावा! मादी धरा!"

"आप्पा, पिल्लाचं आमिष लावता येत न्हाई, कायदा हाय," हनुमंत म्हणाला. पण त्याचं ऐकतो कोण? कुणीतरी सुतळी बाँब पेटवून उभ्या उसाकडं भिरकावला. धाडकन आवाज झाला, धूर उठला, कोपीतली लेकरं एकदम रडायला लागली.

आणि धुरामागून, उसाच्या आतून, दुसरा एक आवाज आला. बोथट करवतीनं लाकूड कापावं तसा. खर्र, खर्र. थांबला. पुन्हा खर्र.

पाचशे माणसं एका श्वासापुरती गप्प झाली. मग पाचशे फोन त्या बाजूला वळले. एकजण पाचटावर काडी ओढत म्हणाला, "पेटवा रं, आपसूक बाहेर येती." हनुमंतनं झेप घेऊन ती काडी पायाखाली चिरडली.

पाच वाजायला आले होते. उन्हाची तिरीप उसाच्या तुऱ्यांवर चढली होती. जालिंदरनं माईक खाली घेतला. माणसं कशी जमवायची ते त्याला ठाऊक होतं. ती परत कशी पाठवायची हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. कामं संपली की ती आपोआप जायची. आज काम हेच होतं की त्यांनी जावं.

"माईक बंद कर."

ट्रॉलीच्या चाकापाशी राजश्री उभी होती.

"काय?"

"माईक बंद कर आधी. जितका आवाज लांब जातोय तितकी माणसं येत्यात." तो वाकला. ती खालच्या आवाजात, पण एकेक शब्द सुटा करून बोलली. "आमच्या कंपनीत आगीचं ड्रिल असतं. सणसवाडीला सहाशे माणूस चार मिनटांत बाहेर काढतो आम्ही. नुसतं 'जा' म्हणून माणूस जात न्हाई जालिंदर. कुठं जायचं आन् कुणासंगं जायचं, ते सांगावं लागतं."

"मग तू सांग की!" त्यानं माईक तिच्यापुढं धरला.

"मी सांगून कोण ऐकंल? मला सचिव केलंय ती रजिस्टर लिहायला." तिनं माईक घेतला नाही. रजिस्टर उघडून वर दिलं. "ह्ये वाच."

पान जालिंदरच्या ओळखीचं होतं. दिवाळीनंतरच्या बैठकीत तिनं ते मांडलं होतं. दहा-दहा जणांचा एक गट, प्रत्येक गटाला एक प्रमुख, प्रमुखानं आपल्या दहांची मोजणी ठेवायची. एकवीस गट, एकवीस नावं. 'कंपनी हाय का ही?' असं म्हणून त्यानं तेव्हा सगळ्यांना हसवलं होतं. ठराव नामंजूर. पण पान तिनं फाडलं नव्हतं.

"तुला ह्या दोनशेंची नावं तोंडपाठ हायत," राजश्री म्हणाली. "मला न्हाईत. गर्दीशी बोलू नको. हौशीरामशी बोल. प्रमुखाशी बोल. आन् त्याच्याआधी आप्पांशी."

"आप्पांशी काय बोलू? त्यांचा जीव कालवडीत हाय."

"वाजलं किती बघ. धारांची वेळ झाली."

जालिंदरला एक क्षण लागला. मग त्यानं गर्दीकडं पुन्हा बघितलं. आता ती त्याला गर्दी दिसेना. पदर खोचलेल्या बाया दिसल्या, चरव्या घरी ठेवून धावत आलेले बापे दिसले. यातल्या निम्म्यांच्या गोठ्यात गाई हंबरत असणार.

त्यानं भोंग्याची पिन उपसली. अचानक झालेल्या शांततेत तो ट्रॉलीवरून उतरला आणि सोपानआप्पांपुढं जाऊन उभा राहिला.

"आप्पा, डेरीचं संकलन आज पावणेसहाला बंद करा."

"का म्हून?"

"म्हंजी माणसं घरला जात्याल."

"आन् माझ्या कालवडीचं?"

अध्यक्ष झाल्यापासून ज्याचं उत्तर नाही अशा प्रश्नापुढं तो कधी उभा राहिला नव्हता. तो नेहमी काहीतरी बोलून टाकायचा. आज त्यानं खाली बघितलं.

"आप्पा, चूक माझी हाय," तो म्हणाला. जवळच्या वीस-पंचवीस जणांनी ते ऐकलं. "पिल्लं उचला म्हणून मीच सांगितलं. दौंडात बसून. ही माणसंबी मीच गोळा केली. तुमच्या रानात कुणाला काय झालं, त्या कोपीतल्या लेकराला काय झालं, तर ते माझ्या माथ्यावर. कालवडीचा पंचनामा मी ह्या वनखात्याच्या साहेबांसंगं बसून पुरा करून घेतो. पण आज मला ह्ये रान मोकळं करून द्या."

आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. काठीचं टोक पाचटात फिरवलं. कोपीतलं रडणं अजून थांबलं नव्हतं.

"तुझा बाप," आप्पा शेवटी म्हणाले, "जलमात कवा चुकलो म्हणला न्हाई." आणि बंडीच्या खिशातून फोन काढून त्यांनी डेरीच्या माणसाला लावला. "कोण? आज पावणेसहाला काटा बंद. व्हय, पावणेसहा. समद्यांना कळीव. उशिराचं दूध घ्यायचं न्हाई, माझं असलं तरी."

भोंग्यानं जे झालं नाही ते त्या एका निरोपानं केलं. आधी एक बाई उठली, पदर झटकत, "अगं बया, माझी धार राहिली." तिच्यामागं चार. मग बापे. दहा मिनिटांत बांधावर वाट पडली.

*

उरली ती पोरं. जालिंदर रजिस्टर घेऊन त्यांच्यात शिरला. ओरडला नाही, खांद्याला हात लावून बोलला.

"हौशीराम, तुझे धा घे आन् पुलाच्या तोंडाशी ऱ्हा. बाहेरची गाडी आत सोडू नको. भांडू नको, नुसतं म्हण, पिल्लं गेली."

"गेली कुठं पण?"

"जायची हायत म्हण की लेका."

"सुदर्शन, तू मांडवगणच्या रस्त्याला. धम्मदीप, तुझी पोरं शाळेत. दोन वर्ग उघड, पाणी भर, चूल मांड. तोडकरी आज शाळेत झोपतील."

नाव घेतलं की माणूस वळायचा, काम ऐकलं की निघायचा. जालिंदरला ते नवल वाटत होतं. इतकी वर्षं तो सगळ्यांना एकदम हाक मारत आला होता.

पण पिकअपमधली पोरं हलेनात. त्यांची नावं रजिस्टरात नव्हती. तो टोमणा मारणारा हाताची घडी घालून उभाच होता.

"तुझं नाव काय रं दोस्ता?"

"कशाला पायजे?"

"पायजे म्हणून इचारतोय."

"...मच्छिंद्र. भांडगावचा."

"एवढ्या लांबनं आलास? बरं झालं. मच्छिंद्र, संगं किती हायती?"

"अकरा."

"मग तुमच्या पिकअपची मला गरज हाय. ह्या अकरा कोप्या. अंथरुणं, भांडी, लेकरं, सगळं शाळेत न्यायचंय. अर्ध्या तासात. करशील?"

मच्छिंद्र जरा गांगरला. शिवी आली असती तर त्याच्याकडं उत्तर तयार होतं. त्यानं मागं वळून आपल्या पोरांकडं बघितलं, मग धुरपदेकडं. ती कडेवर लेकरू घेऊन एका हातानं वाकळ गुंडाळत होती.

"दे मावशी इकडं," तो म्हणाला.

सहाला पाच कमी असताना रानात फक्त हनुमंत आणि क्रेट उरलं. पिल्लं जिथं सापडली होती त्याच सरीत, त्याच पाचटावर त्यानं क्रेट आडवं ठेवलं. ट्रॉलीच्या दांडीला कॅमेरा बांधला. पिल्लं कुई कुई करत होती. शेंगदाण्याची टरफलं वाऱ्यानं सरीसरीतून पळत होती.

शाळेच्या ओट्यावर राजश्री मोजत होती. तोडकरी सव्वीस. लेकरं नऊ. मग एकेक प्रमुख आपला आकडा सांगत गेला. दहा. दहा. आठ, दोघं पुलावर. दहा.

"सातवा गट?"

"नऊ."

"मघाशी रानात दहा व्हते. मी लिहिलंय. प्रमुख कोण?"

सातव्या गटाचा प्रमुख भारत होता.

जालिंदरचा हात खिशातल्या फोनकडं गेला. राजश्रीनं मनगट धरलं. "वाजंल ना त्याचा. तिथं, रानात."

सूर्य उसामागं गेला होता. तुऱ्यांच्या कडा तेवढ्या तांबड्या होत्या. शाळेपुढं हनुमंतची जीप उभी होती. भारत राहिलाय एवढंच हनुमंतनं ऐकलं, आणि दोघं बसले. दिवे न लावता, हळू, जीप पाचटावरून सरकत गेली. ट्रॉलीपासून पन्नास पावलांवर हनुमंतनं इंजिन बंद केलं.

"तुम्ही बसा," तो कुजबुजला. "मी जातो."

"त्यो माझं ऐकंल. तुमाला बघून पळाला तर उसाकडंच पळंल."

हनुमंतनं विचार केला. "दोघं जाऊ. वाकायचं न्हाई, पळायचं न्हाई. ताठ चालायचं."

ट्रॉलीच्या चाकाआड भारत उकिडवा बसला होता, फोन दोन्ही हातांनी पुढं धरून. क्रेट त्याच्यापासून वीस पावलांवर. त्याच्याही पलीकडं उभ्या उसाची भिंत. त्या भिंतीत पानं हलत होती, एकाच जागी. वारा पडला होता, तरी हलत होती.

जालिंदर त्याच्यामागं जाऊन उभा राहिला. भारतनं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. डोळे चमकत होते. "पाच मिनटं अध्यक्ष," तो नुसत्या श्वासानं बोलला. "अख्खा महाराष्ट्र बघंल. मंडळाचं नाव व्हईल."

दुपारी हाच जालिंदर खूश झाला असता. आता त्याला हाताला धरून ओढावंसं वाटलं, थोबाडीत द्यावीशी वाटली. पण थोबाडीत देण्याचा आवाज होतो. आणि दुपारची ऑर्डर कुणाची होती? भारत तेवढंच करत होता जे तो अध्यक्षाकडून शिकला होता.

तो त्याच्या कानाशी वाकला नाही, तसाच ताठ उभा राहून म्हणाला, "भारत, तुझ्या गटात नऊच भरत्यात. मोजणी आडलीय. तुझ्यासाठी समदे ओट्यावर उभे हायती."

भारतच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. "माझ्यासाठी?"

"व्हय. चल."

उसात करवत एकदा फिरली. खर्र. आणि थांबली. आवाजापेक्षा तिचं थांबणं वाईट होतं. भारतनं फोन खाली घेतला. तो उठला, जालिंदरनं काखेत हात घालून त्याला सरळ धरलं. तिघं उसाकडं तोंड ठेवून एकेक पाऊल मागं सरले. पन्नास पावलं. जालिंदरनं ती मोजली. आयुष्यात इतकं नीट त्यानं काही मोजलं नव्हतं.

ओट्यावर पोचल्यावर भारतनं फोन खिशात घातला. सातव्या गटाच्या शेवटी जाऊन उभा राहिला. राजश्रीनं नऊ खोडून दहा लिहिले.

*

शाळेत चूल पेटली होती. पिठलं-भाकरीचा वास वर्गात भरला होता. मच्छिंद्र आणि त्याची पोरं गेली नव्हती, वाढायला लागली होती. पण सगळ्यांचं लक्ष हनुमंतच्या फोनकडं. कॅमेऱ्याचं चित्र त्यावर यायचं.

सात वाजले. सव्वासात. धुरपदा भिंतीला टेकून अंगावरच्या लेकराला थोपटत होती. तिला कुणी गायला सांगितलं नव्हतं, ती स्वतःशीच गुणगुणत होती:

"उसाच्या गं फडामंदी पाचटाचं अंथरूण,
लेकराच्या आईला गं सांज जाती विचारून..."

"एक नेलं," हनुमंत म्हणाला.

सगळे उठून उभे राहिले, पण आवाज कुणी केला नाही. छोट्या पडद्यावर करडी जमीन, आडवं क्रेट, आणि त्यात एकच ठिपका. मग पुन्हा काही नाही. पाच मिनिटं. दहा. एकटं पिल्लू क्रेटच्या तोंडाशी येऊन पुन्हा आत गेलं. जालिंदरच्या डोळ्यांत पाणी तरारलं, त्यानं ते पुसलं नाही. वीस मिनिटं झाली.

"आली," हनुमंत म्हणाला. आणि मग, श्वास सोडून, "दुसरंबी नेलं."

"मोजून नेली बया तिनं," धुरपदा म्हणाली, आणि लेकराला दुसऱ्या अंगाला घेतलं.

जालिंदर बाहेर ओट्यावर आला. खिशातली चौघडी काढून त्यानं गुडघ्यावर उलगडली. 'काही नाही' वर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'माणसं बोलावता येतात. पाठवता येत नाहीत. विचारून ठरवता येत नाही. चुकलं तर लगेच म्हणता येत नाही. हे शिकवा.'

राजश्री शेजारी येऊन उभी राहिली होती. तिनं वाचलं. मग तिचं बोट वर सरकलं, कोऱ्या ओळीवर थांबलं.

"दुसरा प्रतिनिधी? तू तर म्हणालास, एका मंडळाचं एकच माणूस बोलावलंय."

जालिंदरनं पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"पत्रात दोन म्हणून लिहिलं व्हतं?"

"व्हय."

चुलीतलं लाकूड तडतडलं. आत पोरं हसत होती, बहुतेक भारतला. राजश्रीनं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि कागद रजिस्टरवर ठेवून त्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. सावकाश, पूर्ण नाव, आडनावासकट.

"पुढचं शिबिर कवा हाय?"

"बुधवारी. दौंडलाच."

"मी सुट्टी टाकते." तिनं पेन परत दिलं. "सकाळी कोप्या परत उभ्या करायच्या. किती पोरं लागतील?"

जालिंदरचा अंगठा सवयीनं फोनकडं गेला होता. तो त्यानं मागं घेतला. रजिस्टर आपल्याकडं ओढलं, पान उलटलं, आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"